साठीनंतरचीं धुळाक्षरें

मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या आगगाडींत बसून ज्या वाचकांनीं आसनगांव स्टेशन मागें टाकलें असेल, त्यांनीं डाव्या हातास तुटक सुळक्यांचा एक डोंगर खचित पाहिला असेल. तो माहुलीचा किल्ला. सन १६३६ मध्यें निजामशाहीच्या बालराजास बरोबर घेऊन शहाजीराजांनीं ज्या गडाचा शेवटचा आश्रय केला, तोच हा. त्या गडाच्या छायेंत आमचें शहापूर. येथून किन्हवलीवरून मुरबाडकडे जाणारा रस्ता धरला, कीं दोहों बाजूंस भाताचीं खाचरें, मधून मधून साग-मोहाचें रान, वाटेंत काळू नदी, आणि पुढें क्षितिजावर सह्याद्रीची सरळ भिंत दिसूं लागते. त्या भिंतींतील एका खिंडीचें नांव नाणेघाट. या दोन तालुक्यांच्या वाड्यापाड्यांवर प्राथमिक शाळेंत मुलें शिकविण्यांत माझीं अडतीस वर्षें गेलीं. शिक्षण म्हणाल, तर १९७५ सालची जुनी अकरावी मॅट्रिक व पुढें अध्यापक विद्यालयाचीं दोन वर्षें. संस्कृत तेवढें वडिलांनीं घरीं अमरकोश व रूपावली पाठ करून घेऊन शिकविलेलें. असा मनुष्य वयाच्या पासष्टाव्या वर्षीं टोकियो शहरांत जपानी भाषेची शाळा शोधीत हिंडला, ही हकीकत ऐकून आमच्या आळींतले लोक अद्याप हंसतात. हंसण्यासारखें तींत पुष्कळ आहे. परंतु मला तींत दुसरेंही कांहीं सांपडलें, तें वाचकांपुढें ठेवावें म्हणून हा लेख.

आमचें कुटुंब एकत्र आहे. थोरल्या बंधूंचा मुलगा संगणकाचें काम करतो. पुण्यास नोकरीवर असतां रविवारच्या वर्गास जाऊन त्यानें जपानी भाषेच्या दोन परीक्षा दिल्या, आणि २०२२ सालीं कंपनीनें त्याला टोकियोस पाठविलें. पुणें हें आपल्याकडील जपानीच्या अध्ययनाचें एक मोठें ठिकाण. तेथील विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्यें ती भाषा कित्येक वर्षें शिकविली जात आहे. पुढील वर्षीं सूनबाई व नातूही तिकडे गेलीं. त्याच्या पगारांतून आमच्या जुन्या घराच्या दुरुस्तीचें कर्ज हळूहळू फिटत होतें, आणि घरांतील बायका संध्याकाळीं देवापुढें दिवा लावतांना त्या तिघांचीं नांवें घेत होत्या. सर्व सुरळीत चाललें होतें.

जपान हें नांव आमच्या वडिलांच्या पिढीस परकें नव्हतें. जपानी आगबोटींची मुंबई-कोबे अशी नियमित फेरी १८९३ सालींच सुरू झाली होती व तींत टाटांचा पुढाकार होता. अण्णासाहेब कर्व्यांच्या हातीं जपानांतील महिला विद्यापीठाची माहिती देणारें एक पुस्तक पडलें, त्यावरून १९१६ सालीं त्यांनीं स्त्रियांसाठीं विद्यापीठ काढलें, ही गोष्ट तर लहानपणीं वडिलांच्या तोंडून मीं अनेकदां ऐकली होती. परंतु त्या गोष्टींत जपान हा एक दूरचा आदर्श होता. त्या देशांत जाऊन राहणें, तेथील वाण्याशीं व वैद्याशीं बोलणें, हें कोणाच्या ध्यानीं आलें नव्हतें. आमच्याही आलें नाहीं.

२०२४ च्या पावसाळ्यांत पुतण्याचा दूरध्वनि आला. आवाज उतरलेला होता. "काका, आतांपर्यंत इंग्रजीवर निभावलें. यापुढें ज्या गिऱ्हाइकांचें काम घ्यावयाचें त्यांच्याशीं सर्व बोलणें जपानींत आहे. डिसेंबरांत वरची परीक्षा दिली नाहीं, तर मार्चनंतर परत जावें लागेल असें साहेबांनीं सांगितलें. अभ्यासाला शाळा हवी, आणि शाळा शोधायलाही मला सवड नाहीं." बंधूंनीं माझ्याकडे पाहिलें व म्हणाले, "तूं जा. जन्मभर मुलांसाठीं शाळाच पाहिल्यास. आणखी एक पाहा." अशा रीतीनें सप्टेंबरच्या मध्यास नव्वद दिवसांचा परवाना घेऊन मी टोकियोस जाऊन पोहोंचलों.

टोकियोच्या पूर्वेस आराकावा आणि एदोगावा या दोन नद्यांच्या मध्यें एदोगावा नांवाचा मोठा वॉर्ड आहे. त्यांतील निशि-कासाइ या स्टेशनाभोंवतीं हिंदी कुटुंबांची दाट वस्ती आहे. सन २००० च्या सुमारास संगणकांतील तारखांचा प्रश्न जगभर उभा राहिला, तेव्हां तो सोडविण्यासाठीं आपल्याकडील पुष्कळ मंडळी तेथें गेली, आणि कचेऱ्यांस जाण्यायेण्याची सोय पाहून याच भागांत राहिली. स्टेशनाजवळच्या दुकानांत तूरडाळ, कढीपत्ता व आपल्या नित्याच्या मसाल्यांचे पुडे मिळतात. जिना उतरतांना पहिल्याच दिवशीं कानीं शुद्ध पुणेरी मराठी आली, तेव्हां क्षणभर आपण ठाण्यासच उतरलों कीं काय असें वाटलें. याच वॉर्डांतून २०१९ सालीं पुराणिक योगेंद्र नांवाचे महाराष्ट्रांत जन्मलेले गृहस्थ लोकनियुक्त सभासद झाले. त्यांनीं पूर्वीं पुण्यास जपानीचें अध्ययन केलें होतें. पुढें २०२३ सालीं ते इबाराकी प्रांतांतील एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले, हें ऐकून तर मला आमच्या जिल्ह्यांतील कोणी सहकारी बढती मिळून गेल्याचा आनंद झाला. परभाषा मनुष्याला कोठवर नेऊं शकते याचें हें जिवंत उदाहरण समोर होतें.

परंतु आमच्या घरीं अडचण शाळेची होती, आणि ती वाटली त्याहून बिकट निघाली. ज्या घरांतील मुलें जपानास आहेत किंवा जाऊं पाहतात त्यांच्या उपयोगीं पडावी म्हणून ती थोडी सविस्तर सांगतों.

आम्हांस जी परीक्षा हवी होती ती १९८४ पासून घेतली जाते. २०१० पासून तिच्या पांच पायऱ्या आहेत. पांचवी सर्वांत सोपी, पहिली सर्वांत अवघड, म्हणजे वर चढावें तसा आंकडा उतरत जातो. जुलै व डिसेंबर या महिन्यांच्या पहिल्या रविवारीं ती होते. शब्द, व्याकरण, वाचन व श्रवण यांची परीक्षा घेतात. बोलण्याची मुळींच घेत नाहींत. पुतण्याच्या दोन पायऱ्या झाल्या होत्या, तिसरी द्यावयाची होती. खरा डोंगर लिपीचा. त्या भाषेंत दोन वर्णमाला आहेत, प्रत्येकींत मूळ अक्षरें ४६. आणि त्यांवर चिनी चित्राक्षरें, ज्यांस कांजी म्हणतात. नित्य व्यवहारास लागणाऱ्या कांजींची सरकारी यादी २,१३६ अक्षरांची आहे, व त्यांपैकीं १,०२६ तर तेथील मुलें प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांतच शिकतात. माझा सात वर्षांचा नातू आपल्या दप्तरांतील वही काढून मला तीं गिरवून दाखवी.

निशि-कासाइहून तोझाइ मार्गाच्या गाडीनें सरळ ताकादानोबाबा या स्टेशनास जातां येतें. तेथें भाषाशाळा पुष्कळ आहेत असें कळलें, म्हणून एका सकाळीं पुतण्यानें रजा काढून मला तिकडे नेलें. शाळा उत्तम, स्वच्छ वर्ग, नम्र कारकून, भिंतीवर अक्षरांचे तक्ते. परंतु त्या शाळा मुख्यतः परदेशांहून विद्यार्थी म्हणून येणाऱ्या तरुणांसाठीं. आठवड्याचे पांच दिवस, सकाळीं किंवा दुपारीं, मिळून सुमारें वीस तास. विद्यार्थ्याच्या परवान्यावर राहणाऱ्यास आठवड्यास अठ्ठावीस तासच काम करण्याची मुभा असते, आणि माझा पुतण्या तर सकाळीं नवापासून रात्रीं आठपर्यंत कचेरींत. नोकरी सोडावी तेव्हां शाळा मिळावी, आणि नोकरी राहावी म्हणून तर शाळा हवी! नैयायिक ज्यास अन्योन्याश्रय म्हणतात त्याचें याहून सुंदर उदाहरण मला मिळालें नाहीं.

दुसऱ्या एका ठिकाणीं संध्याकाळचा वर्ग होता. तो साडेसहास सुरू होई. तिसरीकडे घरीं येऊन शिकविणारे शिक्षक मिळत, परंतु त्यांचें तासाचें वेतन ऐकून मला आमच्या घराच्या कर्जाचा हप्ता आठवला. शेवटीं पुतण्यानें रात्रीं जेवणानंतर संगणकावरून शिकविणारा एक वर्ग धरला. दहा वाजतां तो पुढ्यांत वही घेऊन बसे व साडेदहास त्याची मान वहीवर पडलेली असे. मी दिवा मालवीं व मनाशीं म्हणें, विद्यार्थी बुद्धिमान आहे, गुरुही आहे. पण वेळ नाहीं.

अशा स्थितींत एके दिवशीं सूनबाईच्या पोटांत दुखूं लागलें. पुतण्या कचेरींत. मी, ती व नातू असे तिघे जवळच्या दवाखान्यांत गेलों. मी मुका, ती जवळजवळ मुकी, बोलणारा एकटा नातू. वैद्यांनीं कांहीं विचारावें, त्यानें आईला सांगावें, आईनें उत्तर द्यावें, त्यानें तें वैद्यांस कळवावें, असें चाललें. मला कौतुक वाटत होतें. इतक्यांत वैद्यांनीं एक प्रश्न विचारला आणि नातू गप्प झाला. पुन्हा विचारला, तो आईच्या पदराशीं चाळा करूं लागला. मग वैद्यांनाच तें उमगलें. त्यांनीं कागदावर चित्र काढलें व तो कागद मुलाला न दाखवितां आईपुढें केला. घरीं आल्यावर मीं नातवास विचारलें. तो म्हणाला, "आजोबा, तो शब्द मला कळला होता. पण आईला तो मीं कसा सांगायचा?" दुखणें किरकोळ होतें, दोन दिवसांत बरें झालें. परंतु त्या रात्रीं सूनबाई मला म्हणाली, "काका, यांच्यासाठीं तुम्ही इतक्या शाळा पाहिल्या. या घरांत भाषेवांचून सगळ्यांत जास्त कोणाचें अडतें, हें कोणीं विचारलें नाहीं."

हें ऐकून मी निरुत्तर झालों. तिचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. ती दीड वर्ष त्या घरांत होती. दुकानांत वस्तु उचलावी, पैसे द्यावे, मान लववावी, एवढाच तिचा जगाशीं व्यवहार. शाळेंतून मुलाबरोबर आलेल्या चिठ्ठ्या तो स्वतःच वाची व स्वतःच तिला अर्थ सांगे; म्हणजे घरांत आई कोण व मूल कोण हेंच उलटें झालें होतें. आणि आम्ही शहापुरांतील शहाणीं माणसें तिच्या नांवानें दिवा लावीत होतों. तिच्यासाठीं शाळा पाहावी असें एकाच्याही मनांत आलें नाहीं.

दुसऱ्याच दिवशीं आम्ही दोघें वॉर्डाच्या कचेरींत गेलों. जपानांत गांवोगांवच्या व वॉर्डांच्या कचेऱ्या आणि त्यांच्या आश्रयानें चालणाऱ्या स्वयंसेवकांच्या मंडळ्या परदेशी रहिवाशांसाठीं भाषावर्ग चालवितात. २०१९ सालीं तेथें जपानी शिकविण्यास उत्तेजन देणारा कायदा झाला, त्यांत हें देशाचें व स्थानिक सरकारांचें कर्तव्यच म्हणून सांगितलें आहे. बाईंनीं आम्हांस वर्गांची एक यादी दिली. त्यांतील एक वर्ग आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर, एका सार्वजनिक सभागृहांत, शनिवारीं सकाळीं भरत होता. फी चहापाण्याच्या खर्चाइतकी. आठवडाभर आम्ही ज्या शाळांसाठीं अर्धें शहर पालथें घातलें, त्यांहून आमच्या कामाची शाळा शेजारींच होती. ती परीक्षेची शाळा नव्हती, म्हणून कोणीं सांगितली नव्हती एवढेंच.

त्या शनिवारीं मी सूनबाईला पोहोंचवावयास गेलों. लांब टेबलें मांडलेलीं होतीं. एका टेबलाशीं एक चिनी स्वयंपाकी, दुसऱ्याशीं फिलिपाईन्सची एक बाई कडेवर मूल घेऊन, तिसऱ्याशीं नेपाळचा एक पोरगा. आणि प्रत्येकासमोर शिकविणारा एकेक जपानी स्त्री किंवा पुरुष, बहुतेक सेवानिवृत्त. सूनबाईच्या वांट्यास आलेल्या बाई सत्तरीच्या असाव्यात; पूर्वीं त्याही प्राथमिक शाळेंत शिक्षिका होत्या. मी भिंतीशीं उभा राहिलों, तों त्यांनीं मलाही हातानें खूण करून खुर्ची दाखविली. मी मान हलवून नको म्हटलें. त्या हंसल्या व पुन्हा खुर्चीकडे हात केला. शिक्षकाची आज्ञा शिक्षकास मोडवेना. मी बसलों.

बाईंनीं अक्षरांचा तक्ता पुढें ठेवला व एकेका अक्षरावर कांडी ठेवून म्हणूं लागल्या. आ, इ, उ, ए, ओ. मग का, की, कु, के, को. मग सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मी चमकलों. अहो, ही तर आपली बाराखडी! आधीं स्वर, मग कंठापासून ओठांपर्यंत येणारीं व्यंजनें, मग अंतःस्थ य, र, व. मधला 'सा' पूर्वीं चवर्गाच्या जवळचा होता व 'हा' पूर्वीं 'पा' होता असें भाषापंडित सांगतात; तें ध्यानांत घेतलें म्हणजे पाणिनीय शिक्षा पाठ केलेल्या मनुष्यास तो क्रम निराळा सांगावाच लागत नाहीं. सन ७३६ मध्यें बोधिसेन नांवाचा भारतीय भिक्षु जपानास गेला व ७५२ सालीं नारा येथील महाबुद्धाचें नेत्रोन्मीलन त्याच्या हातून झालें. पुढें नवव्या शतकाच्या आरंभीं कूकाइ या आचार्यानें चीनमधून सिद्धम् नांवाची आपली जुनी लिपि तेथें नेली. आणि मंत्र शुद्ध म्हणतां यावे म्हणून बौद्ध पंडितांनीं जो वर्णविचार अभ्यासिला, त्यावरूनच हा अक्षरक्रम बसला. आजही तेथील स्मशानांत थडग्यांमागें उभ्या केलेल्या फळ्यांवर अ, व, र, ह, ख हीं पंचमहाभूतांचीं बीजाक्षरें लिहिलेलीं दिसतात. त्या फळीस 'सोतोबा' म्हणतात. शब्द आपला 'स्तूप'. वाक्यरचनाही ओळखीची. कर्ता आधीं, क्रियापद शेवटीं, नामापुढें विभक्तीसारखे प्रत्यय. आणि प्रश्नाच्या शेवटीं आपण जसें 'आहे का' म्हणतों, तसें तेही वाक्याच्या शेवटीं 'का' लावतात. हें शेवटलें साम्य केवळ योगायोगाचें; परंतु परमुलखांत योगायोगही सोयऱ्यासारखा वाटतो.

माझी मान थोडी ताठ झाली. बाईंच्या तें लक्षांत आलें असावें. त्यांनीं तक्ता बाजूस सारला, माझ्याकडे पाहिलें आणि एक वाक्य विचारलें. साधें वाक्य. त्यांतला 'नामाए' हा शब्दही ऐकल्यासारखा वाटला. पण वाक्य कोठें तुटतें, मजकडून काय हवें, कांहीं उमगेना. त्यांनीं पुन्हा विचारलें. माझ्या कपाळावर घाम आला. टेबलाशीं बसलेले सगळे पाहत होते; नेपाळचा पोरगा तर मदतीस तयार दिसत होता. अमरकोश, रूपावली, अडतीस वर्षांची नोकरी, सर्व जवळ असून जिभेवर एक अक्षर नव्हतें. त्या विचारीत होत्या, "तुमचें नांव काय?" ज्या प्रश्नाचें उत्तर दोन वर्षांचें मूल देतें, तो हा प्रश्न.

आणि त्या क्षणीं, कां कोण जाणे, मला मुरबाड तालुक्यांतील डोंगराखालची एक शाळा दिसली.

त्यास तीस वर्षें होऊन गेलीं. कातकरी वाडीवरचा एक मुलगा पहिलींत आला होता. दिवाळी झाली कीं त्याचे आईबाप वीटभट्टीवर कामास जात व पावसाच्या तोंडावर परत येत. म्हणजे शाळा त्याला अर्धें वर्षच. मीं त्याला पहिल्या दिवशीं विचारलें, "तुझें नांव काय?" तो पाहत राहिला. दुसऱ्यांदां विचारलें, तिसऱ्यांदां मोठ्यानें विचारलें. तो जमिनीकडे पाहूं लागला. त्याच्या घरची बोली निराळी, माझी पुस्तकी मराठी निराळी. आणि विचारणारा मी, हातांत छडी. मीं हजेरीपुस्तकांत त्याच्या नांवापुढें शेरा लिहिला नाहीं, पण वर्गासमोर 'मठ्ठ' हा शब्द उच्चारला. मुलें हंसलीं. तो मुलगा त्या वर्षीं भट्टीवरून परतल्यावर शाळेंत आला नाहीं. पुढच्याही वर्षीं आला नाहीं. मीं गळती झालेल्या मुलांच्या यादींत त्याचें नांव लिहिलें आणि कारणाच्या रकान्यांत 'पालकांचें स्थलांतर' असें भरलें. कागद खोटा नव्हता. पण पुरता खराही नव्हता.

जपानी बाई मात्र मोठ्यानें बोलल्या नाहींत. त्यांनीं आपल्या छातीवर बोट ठेवून स्वतःचें नांव सांगितलें. मग सूनबाईकडे बोट केलें. तिनें आपलें सांगितलें. मग माझ्याकडे बोट केलें आणि थांबल्या. नुसत्या थांबल्या. त्या थांबण्यांत घाई नव्हती, दया नव्हती. उत्तर येणारच असा विश्वास होता. मीं माझें नांव सांगितलें. त्यांनीं तें आपल्या लिपींत लिहून माझ्यापुढें ठेवलें, आणि तें गिरवितांना माझा हात कांपला. अक्षर गिरविण्याचा प्रसंग मला साठ वर्षांनीं येत होता.

पुढें दर शनिवारीं आम्ही दोघें जात असूं. मी अक्षरांच्या पलीकडे फारसा गेलों नाहीं. सूनबाई मात्र झपाट्यानें पुढें गेली. बाई छत्री आणीत, तिकीट आणीत, मुलाच्या शाळेंतील चिठ्ठी आणीत. ज्या वस्तूशीं तिचा रोज संबंध, तिचाच शब्द प्रथम. नोव्हेंबरांत नातवाला खोकला झाला. पुन्हा तोच दवाखाना, तेच वैद्य. या वेळीं सूनबाईनें नातवास माझ्याजवळ बाहेर बसविलें व ती एकटी आंत गेली. पांच मिनिटांनीं औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर आली. तोंडावर हंसूं होतें, डोळ्यांत पाणी होतें. नातू म्हणाला, "आई, मला कां नाहीं नेलें?" ती म्हणाली, "कारण आजारी तूं आहेस, आणि आई मी आहें."

१ डिसेंबरच्या रविवारीं पुतण्यानें परीक्षा दिली. मी परत आल्यावर जानेवारीच्या अखेरीस निकाल लागला. थोडक्या गुणांनीं तो राहिला. परंतु त्याचा प्रयत्न पाहून वरिष्ठांनीं मुदत वाढवून दिली, आणि आतां तोही शनिवारीं बायकोबरोबर त्याच सभागृहांत जातो. तो लिहितो, "वर्गांत ती माझ्या पुढें आहे. माझ्यापेक्षां ती बोलते जास्त, आणि चुकायला भीत नाहीं." कर्जाचे हप्ते अजून चालूच आहेत. आमच्या घरीं दिवा लागतो तेव्हां अलीकडे वहिनी विचारतात, "या शनिवारीं सूनबाई शाळेंत गेली होती ना?" माझ्या मतें प्रार्थनेंत ही मोठीच सुधारणा आहे. ज्या घरांतून मुलगा परदेशीं निघाला असेल त्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं पगार, हवामान व जेवणाची सोय यांबरोबर एक चौथा प्रश्न अवश्य विचारावा. तेथें गेल्यावर सुनेला भाषा कोण शिकविणार?

परत आल्यावर पौष महिन्यांत मी मुरबाडकडे गेलों. म्हसाच्या यात्रेचे दिवस होते, रस्त्यानें बैल चालले होते. पुढें वैशाखऱ्याहून नाणेघाटाची चढण दिसली. या घाटानें दोन हजार वर्षांपूर्वीं कल्याणच्या बंदरांतला माल जुन्नरास जात असे. वर सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्राकृत शिलालेख व जकातीचा म्हणून दाखवितात तो दगडी रांजण आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनीं दिलेल्या दानांचे लेख आहेत, आणि ते त्यांच्या स्वतःच्या भाषेंत नाहींत, येथल्या प्राकृतांत आहेत. पूर्वीं हे लेख मी परीक्षेच्या उत्तरासाठीं शिकवीत असें. आतां मनांत आलें, त्या परक्या व्यापाऱ्यांसमोरही कोणी तरी बसलें असेल. वस्तु हातांत धरून शब्द सांगितला असेल. आणि उत्तर येईपर्यंत थांबलें असेल.

त्या कातकरी वाडींत चौकशी केली, तर घरें बंद. कुटुंबें नेहमीप्रमाणें भट्टीवर गेलेलीं. पत्ता काढीत तिसऱ्या दिवशीं मी एका वीटभट्टीवर पोहोंचलों. तो मुलगा आतां सदतीस-अडतीस वर्षांचा बाप्या झाला आहे. चिखलाचे हात तसेच ठेवून तो उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्ही?" त्यानें मला ओळखलें, याचें मला फार वाईट वाटलें. मी काय बोलणार होतों तें सर्व विसरलों. एवढेंच म्हणालों, "तुला मीं एकदां वर्गांत वेडेंवांकडें बोललों होतों." तो खालीं पाहून हंसला. "त्याला लै दिस झाले, गुरुजी," म्हणाला आणि त्यानें मला बसावयास एक पाटी पालथी घालून दिली.

त्याची सहा वर्षांची मुलगी विटांच्या राशीआड उभी राहून माझ्याकडे पाहत होती. मी तिला नांव विचारलें नाहीं. छातीवर बोट ठेवून आधीं माझें सांगितलें आणि थांबलों. बऱ्याच वेळानें तिनें तिचें सांगितलें. मग मीं हातांत वीट धरली, पाण्याचा हंडा दाखविला, आभाळाकडे बोट केलें, आणि तिच्या घरच्या बोलींत त्यांना काय म्हणतात तें विचारलें. माझे उच्चार ऐकून ती बापाच्या पाठीमागें जाऊन हंसली, पण पुन्हा पुढें आली. टोकियोच्या वर्गांतली माझी वही पिशवींत होती. तिच्या उरलेल्या पानांवर मीं ते शब्द लिहून घेतले. त्यांशेजारीं मराठी शब्द लिहून ते मीं तिला वाचून दाखविले. आतां आठवड्यांतून दोनदां मी तेथें जातों. पहिल्या दिवशीं तिनें मला अकरा शब्द शिकविले. दुसऱ्या खेपेस त्यांतले चार मीं चुकलों. ती रागावली नाहीं. तिनें पुन्हा हंड्यावर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलें आणि ती थांबली.